कॅप्शन दिल्यावर चित्राभोवतीचा मजकूर का विस्कटतो? लिबरऑफिस रायटरमधील वारंवार येणारी अडचण आणि तिचे निवारण

चित्र उजव्या बाजूला बसवलेले असते, मजकूर त्याच्या डावीकडून व्यवस्थित खाली वाहत असतो, आणि आता फक्त चित्राखाली एक ओळ लिहायची म्हणून आपण उजवे क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ हा पर्याय निवडतो. ‘चित्र ३ : सुवेळा माचीवरील नेढे, राजगड’ अशी ओळ उमटते खरी, पण पुढे रॅपमध्ये, म्हणजे चित्राभोवती मजकूर वळवण्याच्या पद्धतीत, काही बदल करायला गेलो की सगळे पान विस्कटते. कधी मजकूर चित्राच्या वर आणि खाली निघून जातो व शेजारी रिकामी पांढरी जागा उरते. कधी कॅप्शन चित्राखाली न राहता त्याच्या बाजूला अरुंद पट्टीत उभे राहते आणि एकेका ओळीत एकेकच शब्द मावतो. आणि कधी रॅपचे बटण कितीही वेळा दाबले तरी पानावर काहीच हलत नाही. किल्ल्यांची माहिती देणारी ए-५ आकाराची एक पुस्तिका मांडताना ४० चित्रांच्या बाबतीत या तिन्ही प्रकारांतून मी गेलो आहे, आणि तेव्हा जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण ही अडचण एकदा मिटवली तरी पुढच्या चित्राला पुन्हा उभी राहते आणि तिचे मूळ कळल्याखेरीज ती कायमची सुटत नाही.

मूळ असे आहे की कॅप्शन दिल्यानंतर पानावर एक वस्तू राहत नाही, दोन होतात. रायटर चित्राभोवती एक नवी चौकट, म्हणजे फ्रेम, तयार करतो आणि चित्र व कॅप्शन या दोघांना त्या फ्रेमच्या आत ठेवतो. फ्रेमला सहसा दिसणारी कड नसते, त्यामुळे डोळ्यांना पूर्वीचेच चित्र आणि त्याखाली एक ओळ एवढेच दिसते. ओडीटी ही रायटरची स्वतःची फाइल मुळात एक झिप असते. ती उलगडून आतली ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल वाचली तर ही रचना स्पष्ट दिसते. बाहेर एक ‘ड्रॉ-फ्रेम’, तिच्यात एक ‘टेक्स्ट-बॉक्स’, त्यात एक परिच्छेद, आणि त्या परिच्छेदात पुन्हा दुसरी ‘ड्रॉ-फ्रेम’ जिच्या पोटात चित्र आहे. कॅप्शनचे शब्द आणि क्रमांक त्याच परिच्छेदात चित्रानंतर येतात. पेटीत पेटी असावी तशी ही मांडणी आहे. दोन्ही पेट्यांना आपापला अँकर, म्हणजे मजकुरातल्या ज्या जागेशी पेटी बांधलेली असते ती खूण, असतो, आपापला रॅप असतो आणि आपापले अंतर असते. पानावरच्या मजकुराचा संबंध फक्त बाहेरच्या पेटीशी येतो. आतल्या चित्राला दिलेला रॅप फ्रेमच्या आतच लागू होतो, आणि आत तर कॅप्शनखेरीज दुसरा मजकूरच नसतो. म्हणून ते बिचारे कॅप्शन चित्राच्या बाजूला सरकते आणि बाहेरचे परिच्छेद जागचे हलत नाहीत.

यावरून निवारणाची पहिली पायरी आपोआप ठरते. रॅप बदलण्यापूर्वी आपण नक्की काय निवडले आहे, याची खात्री करून घ्यावी. फ्रेमचा बहुतेक भाग चित्रानेच व्यापलेला असल्यामुळे सहज म्हणून केलेले क्लिक हमखास चित्रावर पडते आणि चित्रच निवडले जाते. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचा मार्ग कीबोर्डचा आहे: कॅप्शनच्या अक्षरांमध्ये क्लिक करून कर्सर तिथे आणावा आणि एस्केप हे बटण एकदाच दाबावे. कर्सर नाहीसा होऊन चित्र आणि कॅप्शन या दोघांना मिळून एकच चौकट दिसू लागते व तिच्या कडांवर चौकोनी ठिपके उमटतात. ही बाहेरची फ्रेम. एस्केप दुसऱ्यांदा दाबले तर कर्सर मुख्य मजकुरात परत जातो, म्हणून एकदाच दाबावे. आता उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. उघडलेल्या खिडकीत ‘क्रॉप’ नावाचा टॅब दिसत असेल तर आपण अजून आतल्या चित्रातच आहोत, कारण कापाकापी फक्त चित्राची होते, फ्रेमची होत नाही. ‘क्रॉप’ नसेल आणि ‘कॉलम्स’ असेल तर आपण फ्रेममध्ये आहोत. ही खूण लक्षात ठेवली तर निम्म्याहून अधिक गोंधळ तिथेच संपतो. पाने बरीच असतील तर एफ-५ दाबून नॅव्हिगेटर उघडावा. तिथे फ्रेम्सची आणि इमेजेसची यादी वेगवेगळी असते, आणि हवे ते नाव डबल-क्लिक केले की रायटर थेट त्या वस्तूपाशी नेतो. फ्रेमच्या प्रॉपर्टीजमधील ‘ऑप्शन्स’ टॅबवर प्रत्येक फ्रेमला ओळखीचे नाव देता येते, आणि ‘फ्रेम १७’पेक्षा ‘राजगड-नेढे’ हे नाव सहा महिन्यांनी फाइल पुन्हा उघडल्यावर फार उपयोगी पडते.

बाहेरची फ्रेम हाती आल्यावर तिच्या ‘रॅप’ टॅबवर जावे. इथल्या नावांनी अनेकांची फसगत होते. ‘बिफोर’ याचा अर्थ मजकूर वस्तूच्या डावीकडे राहील, म्हणजे चित्र उजवीकडे हवे असेल तेव्हा ‘बिफोर’ निवडायचे; ‘आफ्टर’ याचा अर्थ मजकूर उजवीकडे, म्हणजे चित्र डावीकडे हवे असेल तेव्हाचा पर्याय. ‘पॅरलल’मध्ये मजकूर सगळ्या बाजूंनी जातो, त्यामुळे चित्र पानाच्या मध्यभागी असेल तर एकच ओळ चित्राच्या डावीकडे तुटून उजवीकडे पुढे चालू होते, वाचणाऱ्याला याचा त्रास होतो आणि मी तो पर्याय पुस्तकाच्या कामात वापरत नाही. ‘थ्रू’ निवडले तर मजकूर थांबतच नाही, चित्राच्या जागेतूनच आरपार जातो, आणि दोघे एकमेकांवर छापले जातात.

‘ऑप्टिमल’ या पर्यायाबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण ‘काल वळत होता, आज वळत नाही’ या तक्रारीमागे बहुधा तोच असतो. नावावरून तो सर्वांत शहाणा पर्याय वाटतो, आणि साध्या पानावर तसा तो असतोही. मजकूर डावीकडे वळवायचा की उजवीकडे, हे तो उपलब्ध जागा पाहून स्वतः ठरवतो. पण वस्तू आणि पानाचा समास यांच्यामध्ये २ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरत असेल तर हा पर्याय त्या बाजूला मजकूर वळवतच नाही. ए-५ पानाची रुंदी १४.८ सेंटिमीटर असते. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटरचा समास सोडला की मजकुरासाठी १०.८ सेंटिमीटर उरतात. त्यात ९ सेंटिमीटर रुंदीची फ्रेम बसवली की शेजारी १.८ सेंटिमीटर राहतात आणि मजकूर मुकाट्याने चित्राखाली जातो. ए-४ पानावर जी फाइल नीट दिसत होती तीच ए-५ वर नेल्यावर अनेक चित्रांचा रॅप एकाच वेळी गेल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने. अशा वेळी रॅपशी झगडत बसण्यात अर्थ नाही, कारण १.८ सेंटिमीटरच्या पट्टीत मराठी मजकूर वाचण्याजोगा बसणारच नाही; एक तर फ्रेम अरुंद करावी किंवा चित्र पूर्ण रुंदीचे ठेवून रॅप ‘नन’ करावा, म्हणजे मजकूर फक्त वर आणि खाली राहतो.

‘कंटूर’ हा चित्राच्या आकाराबरहुकूम मजकूर वळवणारा पर्याय कॅप्शन दिल्यावर अंधुक का होतो, असेही पुष्कळदा विचारले जाते. तो फ्रेमसाठी उपलब्धच नाही. फ्रेम चौकोनी असते आणि मजकूर तिच्या चौकोनी कडेनेच जातो, इतकेच त्याचे उत्तर आहे.

आता क्रमाकडे वळू, कारण नव्या चित्रांच्या बाबतीत क्रम सांभाळला तर वरची दुरुस्ती करण्याची वेळच येत नाही. कॅप्शन घालताना रायटर जी नवी फ्रेम तयार करतो, ती चित्राचा तोपर्यंतचा अँकर, जागा आणि रॅप स्वतःकडे घेते आणि आतल्या चित्राचा रॅप काढून टाकते. म्हणून चित्र घातल्याबरोबर प्रथम अँकर ‘टू पॅराग्राफ’ किंवा ‘टू कॅरॅक्टर’ करावा, मग बाजू व रॅप ठरवावा, चित्राचा आकार पक्का करावा, आणि सर्वांत शेवटी कॅप्शन द्यावे. याच्या उलट, चित्राचा अँकर ‘अ‍ॅज कॅरॅक्टर’ असताना कॅप्शन दिले तर नवी फ्रेमसुद्धा ‘अ‍ॅज कॅरॅक्टर’ होते, म्हणजे ती एखाद्या मोठ्या अक्षरासारखी ओळीत बसते, आणि ओळीतल्या अक्षराभोवती मजकूर वळण्याचा प्रश्नच येत नसल्यामुळे रॅपचे पर्याय बंद राहतात. ‘बटण दाबले तरी काही होत नाही’ किंवा ‘बटणच दाबता येत नाही’ असे ज्यांना दिसते त्यांनी आधी फ्रेमचा अँकर पाहावा. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये रायटरच्या ‘ऑटोकॅप्शन’ सुविधेत चित्रांसाठी खूण केलेली असेल तर मात्र हा क्रम पाळताच येत नाही, कारण चित्र घातल्या क्षणी कॅप्शन चिकटते. ही सुविधा एकाच रुंदीची, पूर्ण पानभर चित्रे असलेल्या अहवालांना चांगली आहे. ज्यांना मजकूर वळवायचा आहे त्यांनी ती खूण काढून ठेवावी.

चित्राचा आकार आधी पक्का करावा असे जे लिहिले, त्यामागेही कारण आहे. कॅप्शन दिल्यानंतर आतले चित्र ओढून लहान केले तरी बाहेरची फ्रेम तेवढीच राहते. मजकूर फ्रेमच्या कडेला थांबतो, चित्राच्या नाही, आणि चित्र व मजकूर यांच्यामध्ये दोन बोटे रुंद पांढरा पट्टा दिसू लागतो. तो पट्टा पाहून बरेच जण रॅपच्या ‘स्पेसिंग’मधले आकडे कमी करत बसतात, पण दोष तिथे नसतोच. फ्रेम निवडून तिची रुंदी चित्राइतकी करावी, की पट्टा नाहीसा होतो. उंचीच्या बाबतीत ‘ऑटोसाइझ’ची खूण असू द्यावी, ती काढली आणि पुढे कॅप्शन एका ओळीवरून दोन ओळींवर गेले तर दुसरी ओळ फ्रेमखाली दडून जाते, छापील पानावरही येत नाही, आणि मुद्रितशोधनात ती चूक नजरेतून सहज सुटते. ‘स्पेसिंग’ खरे तर एवढ्यासाठीच वापरावे की मजकूर चित्राला घासू नये. उजवीकडच्या चित्राला डावीकडे ०.४ सेंटिमीटर आणि खाली ०.३ सेंटिमीटर मला पुरेसे वाटतात. उजवीकडे शून्य ठेवले तरच चित्राची कड समासाच्या रेषेत येते.

ज्या चित्राचे सगळेच बिघडले आहे, तिथे दुरुस्तीपेक्षा पुन्हा मांडणे लवकर होते. आतले चित्र निवडून कट करावे, फ्रेमच्या बाहेर, मुख्य मजकुरातल्या परिच्छेदात पेस्ट करावे, आणि मगच रिकामी फ्रेम तिच्यातल्या कॅप्शनसह काढून टाकावी. आधी फ्रेम काढली तर चित्रही तिच्याबरोबर जाते. कॅप्शनचा मजकूर लांब असेल तर तो आधी दुसरीकडे उतरवून ठेवावा. त्यानंतर अँकर, रॅप, आकार, कॅप्शन या क्रमाने नव्याने बसवावे. पुढचे क्रमांक आपोआप नीट होतात, कारण कॅप्शनचा क्रमांक हा हाताने टंकलेला आकडा नसून मोजणीचे फील्ड असते. मात्र मजकुरात ‘पाहा चित्र ३’ असा क्रॉस-रेफरन्स दिलेला असेल तर जुन्या कॅप्शनबरोबर त्याचा दुवा तुटतो आणि तो नव्याने द्यावा लागतो.

चित्राशेजारी पुढच्या विभागाचे शीर्षक येऊन बसणे, ही आणखी एक नेहमीची तक्रार. परिच्छेद लहान आणि चित्र उंच असले की असे होणारच, कारण रॅप फक्त एका परिच्छेदापुरता नसतो. जिथवर फ्रेमची उंची जाते तिथवर येणारा सगळा मजकूर वळतो. फ्रेमच्या रॅप टॅबवर ‘फर्स्ट पॅराग्राफ’ अशी एक खूण आहे. ती केली की परिच्छेद संपल्यावर पुढचा परिच्छेद चित्राच्या खालून सुरू होतो. शीर्षक हलवण्यासाठी मध्ये पाच-सहा वेळा एंटर मारून रिकाम्या ओळी सोडण्याची सवय मात्र टाळावी. मजकुरात दोन वाक्यांची भर पडली की त्या रिकाम्या ओळी भलत्याच पानाच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि अडचण ‘परत आली’ असे वाटते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात. पहिली अशी की रायटरची ‘कॅप्शन’ ही परिच्छेद-शैली तिरक्या अक्षरांची आहे, आणि चित्रांच्या कॅप्शनच्या शैली तिच्यावरच आधारलेल्या असतात. रोमन लिपीत तिरक्या अक्षराची परंपरा आहे. देवनागरीत बहुतेक फॉन्टना वेगळे तिरके रूपच नसते, त्यामुळे संगणक सरळ अक्षरे ओढून वाकवतो, मात्रा व वेलांट्या झुकतात आणि बारीक आकारात जोडाक्षरे वाचताना डोळे ताणावे लागतात. एफ-११ दाबून ‘कॅप्शन’ शैली संपादित करावी आणि फॉन्टच्या खिडकीत ‘सीटीएल’ विभागात, कारण देवनागरी त्याच विभागात मोडते, ‘रेग्युलर’ निवडावे. वरच्या ‘वेस्टर्न’ विभागात केलेला बदल मराठी अक्षरांना लागत नाही. दुसरी गोष्ट ओळींच्या भरणीची. मुख्य मजकूर दोन्ही कडांना सरळ, म्हणजे जस्टिफाय केलेला असेल आणि चित्राशेजारी जेमतेम ४-५ सेंटिमीटरची पट्टी उरत असेल, तर ‘गिर्यारोहकांसाठीसुद्धा’ यासारखा एकच लांब शब्द पुढच्या ओळीत जातो आणि मागच्या ओळीत उरलेल्या दोन शब्दांमध्ये भगदाड पडते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहायची असल्यामुळे असे लांब शब्द टाळता येत नाहीत. अशा पानावर चित्र अर्ध्या रुंदीपेक्षा लहान करावे किंवा तेवढा परिच्छेद डावीकडे सरळ ठेवावा. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण शेजारशेजारचे परिच्छेद दोन पद्धतींनी भरलेले असले की पान अस्वस्थ दिसते.

वर्डमध्ये हीच अडचण निराळ्या रूपात भेटते. तिथे चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ असेल तर कॅप्शन त्याखाली साधा परिच्छेद म्हणून येते, आणि नंतर चित्राला ‘स्क्वेअर’ रॅप दिला की चित्र एकीकडे तरंगते व कॅप्शन मजकुरात मागे राहते. चित्र आधीच तरंगते असेल तर कॅप्शन एका स्वतंत्र टेक्स्ट-बॉक्समध्ये येते. तो बॉक्स चित्राला चिकटलेला दिसतो, पण बांधलेला नसतो, त्यामुळे चित्र हलवले की कॅप्शन जागेवरच राहते. यावर सरळ उपाय असा की एक निवडून शिफ्ट दाबून दुसरे निवडावे, दोघांचा ‘ग्रुप’ करावा आणि रॅप त्या ग्रुपला द्यावा. ओळीत बसलेल्या चित्राचा ग्रुप करता येत नाही, म्हणून रॅप आधी बदलावा लागतो. मला स्वतःला वर्डमध्ये एका स्तंभाचे आणि दोन ओळींचे टेबल अधिक पक्के वाटते: वरच्या घरात ओळीतले चित्र, खालच्या घरात कॅप्शन, किनारी काढलेल्या, आणि टेबलच्या प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग ‘अराउंड’. वरच्या घरातल्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ दिले की चित्र एका पानावर आणि कॅप्शन दुसऱ्या पानावर, असे होत नाही. देवनागरीच्या ओळी एकसारख्या अंतरावर याव्यात म्हणून ज्यांनी ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवले आहे, त्यांनी चित्राच्या परिच्छेदापुरते ते ‘सिंगल’ करावे. नाहीतर ओळीच्या उंचीइतकीच चित्राची पट्टी दिसते आणि उरलेले चित्र गायब होते.

रायटरमध्ये केलेली फाइल कोणाला डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या फाइलच्या स्वरूपात द्यायची असेल तर वरची पेटीत-पेटी रचना वर्डच्या टेक्स्ट-बॉक्समध्ये जाते, आणि वर्डमध्ये टेक्स्ट-बॉक्सच्या आतले चित्र तरंगते ठेवता येत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक फ्रेमच्या आतल्या चित्राचा अँकर ‘अ‍ॅज कॅरॅक्टर’ करावा. इथे हा अँकर चुकीचा नाही, उलट योग्य आहे, कारण तरंगण्याचे काम बाहेरच्या फ्रेमचे आहे आणि आतल्या चित्राने फक्त जागेवर बसायचे आहे. चित्र फ्रेमइतके रुंद असेल तर कॅप्शन आपोआप पुढच्या ओळीत जाते. नसेल तर चित्र आणि कॅप्शनचा पहिला शब्द यांच्यामध्ये कर्सर ठेवून एकदा एंटर मारावे. मूळ फाइल ओडीटीमध्येच जपून ठेवावी आणि डॉकएक्स ही तिची प्रत समजावी, कारण डॉकएक्समध्ये साठवून तीच पुन्हा रायटरमध्ये उघडत राहिले तर प्रत्येक फेरीत फ्रेम, अंतर आणि अँकर थोडे थोडे बदलत जाण्याचा धोका असतो. छापखान्याला मात्र दोन्हींपैकी काहीच न देता पीडीएफ द्यावी, आणि देण्यापूर्वी तीत प्रत्येक चित्राच्या कॅप्शनची शेवटची ओळ पूर्ण दिसते आहे का, हे पानापानाला पाहून घ्यावे.